बडोद्यात मुलाचा बार मित्झ्वा आणि परदेशातले पाहुणे: आमंत्रणाआधी वार ठरवा

एका ताईंनी विचारलं आहे. बडोद्यातलं बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं कुटुंब, मुलाला हिब्रू पंचांगाप्रमाणे नोव्हेंबरात तेरा पूर्ण होतात. दीर आणि दोन नणंदा इस्राएलमध्ये, अश्दोद आणि दिमोनाला. शिवाय यजमानांचे अमेरिकेतले दोन ज्यू मित्र यायचं म्हणतात. बार मित्झ्वा, म्हणजे मुलगा तेराचा झाल्यावरचा धार्मिक विधी, अहमदाबादच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) शनिवारी करायचा विचार आहे. त्यांचे प्रश्न तीन: आमंत्रण किती महिने आधी पाठवायचं, व्हिसासाठी आपण पत्र द्यावं लागतं का, आणि एवढ्या पाहुण्यांना शनिवारी सकाळी बडोद्याहून अहमदाबादला न्यायचं कसं?

ताई, मी रावपुऱ्यात प्रवासाचं काम करते आणि घरचीही बेने इस्राएल आहे. त्यामुळे समाजातल्या कार्यांची तिकिटं काढणं आणि मलिद्याचे, म्हणजे आपल्या प्रसादाच्या ताटाचे, पोहे भिजवणं, दोन्ही माझ्याकडे येतं. तुमच्या प्रश्नांपैकी तिसरा खरा मोठा आहे. तो सुटला की आमंत्रणात काय लिहायचं ते आपोआप ठरतं, आणि तो अडकलेला असताना कितीही सुंदर पत्रिका छापली तरी पाहुण्यांचे फोन थांबत नाहीत. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बडोद्यात सिनेगॉग नाही. गुजरातेत एकच आहे, अहमदाबादला खमासाजवळचं मागेन अब्राहाम, १९३४ सालचं. ते जुन्या शहरात, गजबजलेल्या भागात आहे. शनिवार म्हणजे शाब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. शाब्बाथ पाळणारा माणूस शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत गाडीत बसत नाही, फोन हातात घेत नाही, फोटो काढत नाही. आपल्याकडे सिनेगॉग घरापासून लांब असल्यामुळे बरेच जण शाब्बाथलाही गाडीने जातात आणि त्यात कुणी कुणाला बोल लावत नाही. पण इस्राएलला गेलेल्यांची पुढची पिढी पाहा. तिथल्या धार्मिक शाळांमधून शिकलेली मुलं कडक पाळतात. तुमच्या नणंदेच्या जावयाने बडोद्याहून गाडीत बसायला नकार दिला तर सगळं घर अवघडून जाईल. त्याच्यासाठी शुक्रवार-शनिवार खमासाच्या चालत्या अंतरात खोली हवी, तिथेच त्याच्या दोन-तीन जेवणांची सोय हवी, आणि शनिवारी रात्रीपर्यंत त्याला तिथून हलता येणार नाही. त्याच दिवशी म्हाताऱ्या नणंदेला जुन्या अहमदाबादच्या रस्त्यांवरून चालवत न्यायचं, हेही आलं. फोटोग्राफर दाराबाहेर उभा. इस्राएलमध्ये राहिलेल्यांना फोनवरून काही दाखवता येणार नाही. आणि शाब्बाथला तेफिलीन (धर्मवचनं ठेवलेल्या, पट्ट्याने बांधायच्या कातडी डब्या) बांधत नाहीत, म्हणजे मुलाच्या दंडावर आणि कपाळावर पहिल्यांदा तेफिलीन चढतानाचा क्षण त्या दिवशी नसतोच.

शनिवारच हवा असा धर्माचा आग्रह नाही. तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात, मुलाला तेव्हाही अलियासाठी, म्हणजे तोरावाचनाच्या मानासाठी, बोलावता येतं. लांबून पाहुणे येणार असतील तर मी बहुतेक कुटुंबांना सोमवार किंवा गुरुवार सुचवते. तुमच्यासाठी मात्र याहून चांगली संधी आहे: हनुक्का, आपला आठ दिवसांचा दिव्यांचा सण.

हनुक्काचे आठही दिवस सकाळच्या प्रार्थनेत तोरा वाचतात, मग वार कोणताही असो. आठ दिवसांत रविवार येतोच. त्या रविवारी करा. आपल्याकडे सुट्टी, त्यामुळे यजमानांच्या ऑफिसातले आणि मुलाच्या शाळेतले लोक येऊ शकतात. इस्राएलमध्ये हनुक्कात मुलांच्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे भावंडं येऊ शकतात. तेफिलीन बांधता येतं, फोटो काढता येतात, गाडी चालते. हल्लेल, म्हणजे स्तुतीची स्तोत्रं, म्हणतात, त्यामुळे प्रार्थनेलाच सणाचा सूर असतो. आणि हवा! आमच्या बडोद्यात परदेशी पाहुण्याला उन्हाचा त्रास न होता फिरवता येईल असे दिवस तेच.

मुलाच्या बाजूनेही यात एक सोय आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. हनुक्कात जे वाचतात ते बमिदबारच्या (तोराच्या चौथ्या पुस्तकाच्या) सातव्या अध्यायातलं, वेदीच्या समर्पणाला बारा वंशांच्या सरदारांनी आणलेल्या अर्पणांचं वर्णन आहे. प्रत्येक सरदाराचं अर्पण सारखंच: तेच चांदीचं ताट, तोच कटोरा, तेच बैल आणि मेंढे. नाव आणि दिवस बदलतो, बाकी मजकूर जवळजवळ तोच. मुलाने एक दिवसाचा भाग नीट बसवला की दुसऱ्या दिवसाचा त्याला थोड्या वेळात जमतो. विमान रद्द झालं आणि कार्य एक दिवस पुढे ढकलावं लागलं तर मुलाची तयारी वाया जात नाही. याच आठवड्यात तेवेथ या हिब्रू महिन्याचा रोश होदेश, म्हणजे महिना लागण्याचा दिवस, येतो. तुमचा रविवार नेमका त्यावर पडत असेल तर दोन सेफेर (तोराच्या गुंडाळ्या) काढावे लागतात आणि वाचन वाढतं. तेवढं हजानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, आधी विचारून घ्या.

यात तुम्ही काय गमावता तेही सांगते. शनिवारी सात जणांना अलिया मिळतात आणि मुलाला हफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला उतारा, वाचता येतो. हनुक्काच्या साध्या दिवशी अलिया तीनच, हफ्तारा नाही. तुमच्या मुलाने वर्षभर हफ्तारा घोकला असेल, किंवा दिराला, मामाला अशा सगळ्यांनाच मान द्यायचा असेल, तर तीन अलिया कमी पडतील. आपल्या समाजात कोहेन आणि लेवी ही प्राचीन मंदिरसेवेची घराणी सहसा नसतात, पण परदेशातल्या पाहुण्यांत एखादा कोहेन निघाला तर पहिली अलिया त्याची. अमेरिकेतल्या त्या दोन मित्रांना हे आताच विचारून ठेवा. त्या सकाळी सेफेर उघडल्यावर कळलं तर ज्याला शब्द दिला त्याला थांबवावं लागेल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. बार मित्झ्वा तेराच्या आधी होत नाही, नंतर केव्हाही चालतो. मुलाचा जन्म सूर्यास्तानंतरचा असेल तर हिब्रू दिवस पुढचा धरतात. म्हणून जन्मदाखल्यावरची वेळ पाहा आणि तारीख हजानकडून पक्की करून घ्या, फोनवरच्या कॅलेंडरवर विसंबू नका. हनुक्का इंग्रजी तारखेने सरकतो, कधी नोव्हेंबरअखेर येतो तर कधी डिसेंबरअखेर. तुमच्या मुलाला त्याआधी तेरा पूर्ण होत असतील तरच हा बेत लागू. दुसरं म्हणजे सिनेगॉग. तिथली नेहमीची वर्दळ शाब्बाथची आणि सणांची. रविवारी सकाळी दार उघडणार का, हजान उपलब्ध आहे का, हे कमिटीशी बोलूनच ठरेल. हे बोलणं झाल्याशिवाय इस्राएलला एकही फोन करू नका.

आणि मिनयान, म्हणजे प्रार्थनेची किमान संख्या. तेरा पुरी झालेले दहा पुरुष नसतील तर तोरा उघडून वाचता येत नाही. हे दहा जण परदेशातून येणाऱ्यांत मोजू नका. दहाच्या दहा अहमदाबाद आणि बडोद्यातले हवेत, एक-दोन जादाच. ऑक्टोबर २०२३ नंतर तेल अवीवची विमानं किती वेळा आणि किती अचानक बंद झाली ते आपण पाहिलं आहे. पाहुणे आले तर आनंद द्विगुणित व्हावा, पण ते न आल्याने मुलाची अलिया अडू नये. मुलाच्या मनावरही हेच बिंबवा. तेरा वर्षांचं पोर काका येणार म्हणून दिवस मोजत असतं, आणि काकाचं विमान रद्द झालं की सगळं कार्यच बिघडलं असं त्याला वाटतं.

वार ठरला की बाकीच्या आठवड्याची आखणी अशी सुचवते. पाहुण्यांनी बुधवारी किंवा गुरुवारी पोचावं, अहमदाबाद विमानतळावर किंवा मुंबईला उतरून रेल्वेने बडोद्याला. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून शाब्बाथ तुमच्या घरीच, शनिवारचा दिवस पूर्ण विश्रांतीचा. प्रवासाने आंबलेल्या वयस्कर माणसांना त्याची गरज असतेच. शनिवारी रात्री शाब्बाथ उतरल्यावर बसने अहमदाबाद. एक्स्प्रेस-वेने शंभरेक किलोमीटरच आहे, पण रविवारी पहाटे पाच वाजता बडोद्याहून सगळ्यांना उठवून नेण्यापेक्षा एक रात्र तिथे झोपलेलं बरं. रविवारी सकाळी प्रार्थना, तिथेच नाश्ता, दुपारपर्यंत परत. संध्याकाळी बडोद्याला मलिदा आणि हनुक्काचा दिवा.

मलिदा बडोद्यात ठेवा, यावर मी ठाम आहे. सिनेगॉगमधला सकाळचा भाग समाजाचा असतो, मलिद्याची संध्याकाळ घराची. शेजारपाजारचे, दांडिया बाजारातले जुने स्नेही, मुलाच्या शाळेतल्या बाई, हे सगळे तेव्हा येतात. भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची, काजू-बदाम-मनुका कालवून मोठ्या ताटात डोंगर करायचा आणि भोवती फळं मांडायची. मग एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन सगळ्यांनी एकत्र म्हणायचं. इस्राएलमधून आलेल्या तुमच्या नणंदांना ते शब्द पाठ असतील. त्यांच्या मुलांना ताटातल्या फळांच्या ब्राखा, म्हणजे आशीर्वचनं, म्हणायला सांगा: झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, आणि केळं या दुसऱ्या गटात. मुलं त्यात चटकन रमतात आणि कार्यात त्यांनाही काम मिळतं. अमेरिकेच्या मित्रांनी मलिदा कधी पाहिलेला नसणार. त्यांना आधी चार ओळी लिहून पाठवा म्हणजे ते नुसते बघत बसणार नाहीत.

त्याच मित्रांना आणखी एक गोष्ट आधी कळवायला हवी. त्यांच्याकडच्या बऱ्याच सिनेगॉगांत स्त्री-पुरुष एकत्र बसतात आणि मुलीही तोरा वाचतात. आपल्याकडे बायका वेगळ्या बसतात आणि अलिया पुरुषांना. त्यांच्यासोबत लेक येणार असेल तर तिला हे दारात पोचल्यावर कळू देऊ नका.

आता व्हिसा. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं ओळखपत्र) आहे त्यांना व्हिसा लागत नाही, फक्त कार्ड आणि चालू पासपोर्ट जवळ हवा. बाकीच्या इस्राएली आणि अमेरिकी नागरिकांना ई-टुरिस्ट व्हिसा पुरतो, कारण नातेवाईक आणि मित्रांना भेटणं त्यात बसतं. पासपोर्टची मुदत पोचल्यापासून किमान सहा महिने हवी आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. तीस दिवसांच्या व्हिसाचा अर्ज पोचण्याच्या तारखेच्या फार तर तीस दिवस आधी करता येतो, आणि निदान चार दिवस आधी करावाच लागतो. वर्षभराचा किंवा पाच वर्षांचा घेतला तर बराच आधी मिळतो, म्हणून मी वयस्कर पाहुण्यांना तोच घ्यायला लावते. शेवटच्या महिन्यात धावपळ नको. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं तिथेच. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं अव्वाच्या सव्वा पैसे घेतात आणि इस्राएलमध्ये बसलेल्या माणसाला फरक कळत नाही.

निमंत्रणपत्राची सक्ती या व्हिसाला नाही. अर्जात भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन विचारतात. तेवढा मजकूर एका कागदावर अचूक लिहून सगळ्यांना सारखाच पाठवा, पिनकोडसकट. हाच कागद विमानतळावर दाखवायला उपयोगी पडतो.

आणि हे नीट वाचा, कारण आपल्या समाजात हे बऱ्याच घरांना लागू आहे. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानात जन्मलेले किंवा कायम राहिलेले होते, त्यांना ई-व्हिसा नाही. आपल्याला वाटतं, आपला काय संबंध? पण फाळणीआधी कराचीत बेने इस्राएलांची चांगली वस्ती होती. तिथलं मागेन शालोम सिनेगॉग १८९३ चं, आपल्याच लोकांचं. तिथली कुटुंबं पुढे मुंबईला आली आणि बरीच इस्राएलला गेली. तुमच्या नणंदेच्या यजमानांची आई कराचीची असेल तर त्यांना भारतीय दूतावासात कागदी व्हिसाचा अर्ज करावा लागेल. त्याला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही. अशांना सहा महिने आधीच दूतावासाशी बोलायला सांगा. फॉर्मवर तो प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो, आणि तिथे खोटं लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एकाचा व्हिसा नाकारला गेला की मुलाबाळांसकट सगळं कुटुंब घरी बसतं. म्हणून आमंत्रणाच्या पहिल्याच फोनवर विचारा, “घरात कुणाचे आजीआजोबा कराचीचे?”

आमंत्रण किती आधी, तर माझा हिशेब असा. कमिटीचा होकार मिळाला की जवळच्या नातेवाइकांना लगेच फोन, म्हणजे साधारण सहा महिने आधी. तीन महिने आधी लेखी आमंत्रण. महिनाभर आधी फक्त येणाऱ्यांना वेळापत्रक, हवामान, कपडे, पत्ते. छापील पत्रिका इथल्या लोकांसाठी ठेवा, परदेशात टपालाने पाठवायच्या भानगडीत पडू नका. लेखी आमंत्रण मराठीत लिहा, सोबत हिब्रू किंवा इंग्रजी. दिमोनातल्या नणंदेला मराठीत आलेलं पत्र ती चार वेळा वाचेल आणि शेजारणीलाही वाचून दाखवेल. तिच्या सुनेसाठी हिब्रू.

मजकुरात एक गोष्ट टाळली जाते, आणि तिच्यामुळेच नंतर मनं दुखावतात: पैसे. तिकीट कुणाचं, हॉटेल कुणाचं, अहमदाबादची बस कुणाची? आपण संकोचाने लिहीत नाही आणि तिकडचे संकोचाने विचारत नाहीत. कुणी मोघम “सगळी व्यवस्था आहे” वाचून येतो आणि हॉटेलचं बिल पाहून गप्प होतो. कुणाला वाटतं आपल्याला तिकिटासकट बोलावलं आहे. तुमची ऐपत असेल तसं लिहा, पण लिहा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी असा मजकूर देते:

“शालोम ताई. आपल्या धाकट्याला तेरा पूर्ण होत आहेत. हनुक्कातल्या रविवारी सकाळी अहमदाबादच्या सिनेगॉगमध्ये तो तेफिलीन बांधून तोरा वाचेल आणि संध्याकाळी बडोद्याला घरी मलिदा आहे. तुम्ही दोघांनी यावं अशी आमची फार इच्छा आहे. येण्याजाण्याचं तिकीट आणि व्हिसा तुम्हाला पाहावा लागेल. अहमदाबादला उतरल्यापासून परत विमानात बसेपर्यंत राहणं, जेवण आणि गाडी आमच्याकडे. तब्येतीमुळे किंवा खर्चामुळे जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा. मलिद्याच्या वेळी आम्ही फोन लावू, तुमची ब्राखा तेव्हा घेऊ. जमेल तसं पण महिनाअखेरपर्यंत कळवा, म्हणजे खोल्या धरता येतील.”

“जमणार नसेल तर” हे वाक्य काढू नका. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला तेल अवीवहून दोन तिकिटं परवडतीलच असं नाही, आणि धाकट्या भावाला नाही म्हणणं त्यांना तिकिटाहून जड जातं. न येणाऱ्यांसाठी फोन सकाळच्या प्रार्थनेपेक्षा संध्याकाळी लावा. हिवाळ्यात इस्राएल आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आपल्या नऊच्या प्रार्थनेला तिथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील, सातच्या मलिद्याला दुपारचे साडेतीन.

जेवणाबाबत आमंत्रणातच एक प्रश्न घाला: घरचं शाकाहारी चालेल का, की आणखी काही पाळता? मांस ठेवलं की कोशेरचा, म्हणजे ज्यू आहारनियमांचा, प्रश्न उभा राहतो, दूध आणि मांस वेगळं ठेवायची कसरत येते. सगळं जेवण शाकाहारी ठेवलं की नव्वद टक्के अडचण संपते, आणि गुजरातेत शाकाहारी आचारी दारात मिळतो. जैन स्वयंपाक करणारा केटरर घ्या. वेगळी भांडी, पाळणूक, अमुक घालायचं नाही म्हणजे नाही, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. कडक पाळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी पुढे येतात. एक, ज्यू नसलेल्याने एकट्याने शिजवलेलं ते खात नाहीत. त्यांच्या वाट्याचं पातेलं घरच्या बाईने स्वतः शेगडीवर ठेवावं, नुसता गॅस पेटवून देणं आपल्या सेफार्डी रिवाजात सगळे पुरेसं मानत नाहीत. दोन, किडीच्या भीतीने ते फ्लॉवर आणि पालेभाज्या टाळतात, कोथिंबीरही. भात, डाळ, भोपळा, काकडी ठेवा. याहूनही कडक असणाऱ्याला सीलबंद पाकिटं, सालासकट फळं, सुका मेवा आणि कागदी ताटल्या द्या आणि आग्रह करू नका. तो उपाशी नाही, त्याचं तो सांभाळतो.

वाइनचं मात्र लेखी कळवा. गुजरातेत दारूबंदी आहे. परदेशी पाहुण्याला स्वतःपुरता तात्पुरता परवाना मिळतो, पण त्या परवान्यावर समारंभात वाटता येत नाही. हौसेने इस्राएलची कोशेर वाइन भेट म्हणून आणणारे बरेच असतात. त्यांना आधीच सांगा, आणू नका. आपल्याला तिची गरजही नाही, किद्दुश, म्हणजे शाब्बाथच्या पेल्यावरची प्रार्थना, आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मनुकांच्या सरबतावर होत आलं आहे. काळ्या मनुका रात्रभर भिजवा, हाताने कुस्करा, फडक्यातून गाळा. त्या पेल्यावर द्राक्षवेलीच्या फळाचीच ब्राखा म्हणतात. तरुण पाहुण्यांना हेही कळवा की ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

खोल्यांचं सांगायचं तर हनुक्का डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आला तर लग्नसराई असते, सयाजीगंज-अलकापुरीतली हॉटेलं आणि हॉल लवकर भरतात. सोळा डिसेंबरच्या पुढे कमुरता लागतो, गुजराती लग्नं थांबतात, हॉल सहज मिळतो. पण तेव्हा परदेशातले गुजराती घरी आलेले असतात आणि विमानाचं तिकीट महागलेलं असतं. तारीख पाहून आधी काय धरायचं ते ठरवा.

पाहुणे तुमच्या घरी उतरणार असतील तर चोवीस तासांत त्यांची परदेशी नागरिक म्हणून ऑनलाइन नोंद करावी लागते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात ती. हॉटेल स्वतः करतं, घरमालकाला स्वतः करावी लागते. आपल्या सख्ख्या नणंदेची कसली नोंद, असं वाटतं, पण ती आता इस्राएलची नागरिक आहे. ओसीआयवाल्यांचीही मी भरून ठेवते. घरमालक म्हणून पोर्टलवर खातं उघडायला वेळ लागतो, ते पंधरा दिवस आधी उघडा आणि अडलं तर पोलिसांच्या परदेशी नोंदणी शाखेत जाऊन विचारा. सिनेगॉगच्या कमिटीलाही येणाऱ्यांची नावं आणि पासपोर्टच्या प्रती आधी द्या. २००८ मध्ये मुंबईच्या नरीमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, त्यानंतर आपल्या सगळ्या ठिकाणी अनोळखी माणसाला सहज आत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. याच कारणाने तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली पत्रिका फेसबुकवर टाकू नका. फोटो नंतर हवे तेवढे टाका.

तेफिलीन आपल्याकडे सहसा इस्राएलहून येतं. दिराला किंवा नणंदेला ही जबाबदारी द्या. मुलाच्या कपाळावर काकांनी आणलेलं तेफिलीन असावं याहून मोठा आहेर नाही. पण ते पाहुण्यांच्या सामानात कार्याच्या आदल्या आठवड्यात येऊन चालत नाही. मुलाला बांधायचा सराव निदान महिनाभर हवा, पट्टा दंडावर किती घट्ट हवा आणि हातावर सात वेढे कसे घ्यायचे हे त्याच्या हाताला बसावं लागतं. तेव्हा ऑक्टोबरपर्यंत इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते पाठवायला सांगा.

ताई, मला तीन गोष्टी कळवा: मुलाच्या जन्माची तारीख आणि वेळ, येणाऱ्यांपैकी कुणाकडे ओसीआय आहे, आणि शाब्बाथ कडक पाळणारे कोण कोण. तेवढ्यावर मी तुमचा रविवार आणि तिकिटांचा क्रम लावून देते. कमिटीला फोन मात्र तुम्ही स्वतः करा, घरच्या माणसाने विचारलेलं त्यांना आवडतं.